अकरा तासांची पाळी

नवनाथ कडलगच्या घरात आठ दिवस एका कागदावरून धुसफूस चालली होती. कागद म्हणजे खरोखरचा कागद, हेच मुळात नवल. एरवी शाळेचं सगळं फोनवर यायचं. हजेरी, गुण, सहलीची परवानगी, पोरानं वर्गात डुलकी काढली तर तेसुद्धा. पण तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयातल्या शेख मॅडमनी अकरावीच्या या एका विषयासाठी छापील फॉर्म काढला होता. पालकानं शनिवारी दुपारी बाराच्या आत स्वतः येऊन त्यावर पेनानं सही करायची होती. विषयाचं नाव होतं ‘प्रगत संगणन : पहिली पायरी’.

फॉर्म फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली लटकत होता. दार उघडलं की फडफडायचा, म्हणून नवनाथनं फ्रिजचं पाणी सोडून माठातलं प्यायला सुरुवात केली होती.

“शिकून करणार काय, ते सांग ना,” तो ईश्वरीला म्हणाला. हे तो आठ दिवसांत किमान दहाव्यांदा म्हणत होता. “प्रोग्राम लिहायला आता माणूस लागतो का? यंत्राला तोंडानं सांगायचं, ते लिहून देतं. कृषितंत्राला जा. दोन वर्षांत नोकरी हातात.”

“पप्पा, तिथे प्रोग्राम लिहायला शिकवतच नाहीत,” ईश्वरी म्हणाली. सोळा वर्षांची पोर, पण वाद घालताना आवाज चढवायची नाही, आणि नवनाथला त्याचाच जास्त त्रास व्हायचा. “यंत्राला जाब विचारायला शिकवतात. तू हे कशावरून म्हणतोस, कुणाकडून शिकलास, असं. प्रत्येकानं आपल्या गावातलं एक यंत्र निवडायचं आणि वर्षभर त्याचा पिच्छा पुरवायचा.”

“चौघांतलं एक पोरगं मधेच सोडतं म्हणे तो विषय. आणि एकदा घेतला की कृषितंत्राची जागा गेली.”

“तीन टिकतात की.”

रोहिणी, त्याची बायको, आरोग्य केंद्रात नर्स होती. ती ड्यूटीवर निघता निघता चपला घालत थांबली. “अहो, सही करायची नसेल तर नका करू. पण खरं कारण सांगा तिला. हे नोकरीबिकरीचं तुमच्या तोंडी शोभत नाही.”

नवनाथनं माठातून पेला भरून घेतला. खरं कारण फॉर्मवरच होतं. ‘निवडलेलं यंत्र’ या रकान्यात ईश्वरीच्या नीटस अक्षरात लिहिलं होतं : ‘वेळकर. प्रश्न : शेवटच्या चारीला पाणी का पुरत नाही?’

आणि या प्रश्नाचं उत्तर सगळ्या तालुक्यात फक्त एका माणसाला ठाऊक होतं. तो माठाजवळ उभा राहून पाणी पीत होता.

*

वेळकर हे नाव आडनावासारखं वाटतं, पण ते लोकांनी ठेवलेलं. सरकारी नाव लांबलचक होतं आणि कुणाच्या लक्षात राहिलं नाही. नेरवाडी शाखा कालव्यावर बावीस चाऱ्या. चारी म्हणजे कालव्यातून शेतांकडे पाणी नेणारा छोटा पाट. प्रत्येक चारीच्या तोंडाशी लोखंडी दार. कुठलं दार कधी उघडायचं, किती तास, हे आता वेळकर ठरवायचं आणि मोटार फिरवून दार उघडायचं, लावायचं. माणसाचा हात लागायचा नाही. दारांच्या पेट्यांना कुलपं होती.

त्याआधी हे काम पाटकऱ्याचं. नवनाथ पाटकरी, त्याच्याआधी त्याचा चुलता. कालव्यावर जुन्यापासून शेजपाळीचा नियम आहे. पहिलं पाणी सगळ्यात लांबच्या शेताला, ज्याला सगळे टेल म्हणतात. तिथून एकेक करत वर यायचं. उलटं केलं, तर वरचे लोक ओंजळ भरभरून घेतात आणि टेलला चिखलसुद्धा मिळत नाही. हा नियम वेळकरलाही दिलेला होता.

पण नियम सांगून भागत नाही. एका चारीला किती तास लागतात, हे दर हंगामाला वेगळं असतं. ऊन किती, माती कुठली, पाट किती कोरडा, कालव्याला पाणी किती. प्रत्येक शेतात मोजयंत्रं बसवून पाहिली, तर निम्मी गाळानं बुजली आणि उरलेली चोरीला गेली. तेव्हा इंजिनियर लोकांनी सोपा मार्ग काढला. पाटकरी इतकी वर्षं अंदाजानं हे करतायत, तर यंत्राला त्यांच्याकडूनच शिकू द्या. प्रत्येक पाटकऱ्याला एक फोन दिला. दार उघडलं की फोनमध्ये बोलायचं. शेवटच्या शेताला पाणी पोचलं की तिथे उभं राहून बोलायचं. तीन वर्षं यंत्रानं फक्त ऐकलं. मग त्याला पाणी किती वेळात कुठे पोचतं याची उमज आली, आणि पाटकऱ्यांचे हात दारांवरून सुटले.

लहान मूल घरातल्यांचं ऐकून बोलायला लागतं, तसंच हे. घरात जे बोललं जातं तेच ते उचलतं. न बोललेलं त्याला कळायचा मार्ग नसतो.

नवनाथ ज्या काळात फोनमध्ये बोलत होता, त्या काळात रोहिणी नर्सिंग शिकायला शहरात होती. सगळी भावकी नको म्हणत असताना त्यानंच तिला पाठवलं होतं. ‘जा तू, घरचं मी बघतो,’ म्हणाला होता, आणि बघितलंही. स्वयंपाक, ईश्वरीची वेणी, अभ्यास, सगळं. फक्त बावीस नंबरच्या चारीचं शेवटचं शेत पुलापासून वळणावळणाच्या वाटेनं तीन किलोमीटर आत, बाभळीच्या काट्यांतून. गाडी जायची नाही. जाऊन यायला दीड तास. पोर घरी एकटी. पहिल्या महिन्यात तो गेला. मग कधीतरी घरूनच अंदाजानं बोलला, ‘पाणी पोचलं, पाळी पूर्ण.’ आभाळ काही कोसळलं नाही. मग तेच अंगवळणी पडलं.

तसं पाहिलं तर त्यानं कुणाला उपाशी ठेवलं नव्हतं. टेलला मंगल घुले नावाची बाई राहायची. तिची चाळीस लिंबाची झाडं होती. पाणी अपुरं पडलं की ती बांधावरच्या बांबूला पेंडीची पिवळी गोणी अडकवायची. सकाळी पुलावरून गोणी दिसली की नवनाथ गुपचूप दार उघडून आणखी तीन तास पाणी सोडायचा. पाळी मोडून दार उघडणं नियमाबाहेरचं, म्हणून ते फोनमध्ये कधीच बोलला नाही.

म्हणजे टेलला लागायचे चौदा तास. यंत्रानं ऐकले अकरा. गोणी त्यानं कधी पाहिलीच नाही.

*

गुरुवारी सकाळी नवनाथ पुलावर गवत काढत होता. दारं यंत्राकडे गेल्यापासून त्याच्याकडे गवत, गाळ आणि कुलपांना तेल घालणं एवढंच उरलं होतं. मंगल घुले पायवाटेनं वर आली आणि कठड्याला टेकली.

“नवनाथ, तुझी पोरगी म्हणे वेळकरला कोर्टात उभी करणार.”

“कोर्ट कसलं मावशी, शाळेतला अभ्यास आहे.”

“काही का असेना. कालव्याच्या साहेबाकडं तीनदा गेले. तो म्हणतो, बाई, यंत्रात दाखवतंय पाणी पोचलं, पाळी पूर्ण. मी म्हटलं, मग यंत्रालाच माझी लिंबं खायला घाल. हसला.” ती स्वतःही हसली, पण थोडंच. “बारा झाडं तोडली परवा. वाळून कोळसा झाली होती. राहिलेली येत्या उन्हाळ्यात जातील. मग मी पोराकडं पुण्याला जायचं, तिथं गॅलरीत तुळस लावायची.”

लांब बांधावर पिवळी गोणी वाऱ्यावर हलत होती. नवनाथ तिकडे बघायचं टाळत होता.

“अजून टांगता होय?”

“सवय,” ती म्हणाली. “तू बघतोस तरी. पोरीला कर म्हणावं जोरात. आमच्यासाठी कुणीतरी विचारायला पाहिजे.”

ती गेल्यावर नवनाथनं विळा खाली ठेवला. तीन वर्षं तो स्वतःची समजूत घालत होता की यंत्र हुशार आहे, आपली चूक आपोआप सुधारेल. आता बारा झाडं ऐकल्यावर ती समजूत टिकेना. पण भीतीही होती. ईश्वरीनं वर्षभर पिच्छा पुरवला, तर ती थेट आपल्यापर्यंत येऊन थांबेल. नोकरीचं जाऊ द्या. ही पोर आपल्याकडे ज्या नजरेनं बघते, ती नजर जाईल. त्यानं ठरवलं, सही करायची नाही. शनिवार दुपार टळली की सुटलो.

*

शुक्रवारी संध्याकाळी ईश्वरी शाळेतून आली, हातपाय धुतले, फ्रिजवरचा फॉर्म काढला आणि टेबलाच्या खणात ठेवला.

“पप्पा, मी नाही घेत तो विषय. कृषितंत्राला जाते.”

नवनाथला वाटलं, सुटलो एकदाचा. तो म्हणालाही, “बरं केलंस.” मग त्यानं तिच्याकडे पाहिलं. ती भाजी निवडायला बसली होती आणि मेथीची पानं टाकून देठ ताटात ठेवत होती.

“का गं? एवढं आठ दिवस भांडलीस.”

“असंच.”

“आज त्या विषयाचा नमुन्याचा तास होता ना? अवघड वाटलं?”

“सोपं होतं.” ती मान वर न करता बोलत होती. “प्रत्येकाला एक प्रश्न विचारता येतो. वेळकरचं सगळं शिकणं लोकांसाठी खुलं आहे, पप्पा. पहिल्यापासून खुलंच होतं. पण आत सहा लाख आवाज आहेत. विचारायचं कसं, हे माहीत नसलं तर नुसता उकिरडा. मॅडमनी दाखवलं कसं विचारायचं. मी विचारलं, बावीस नंबरला अकरा तास कशावरून?”

नवनाथ खुर्चीत बसला.

“त्यानं सत्तावीस आवाज काढून दिले. हेडफोन लावले होते, मी एकटीनंच ऐकलं. मॅडमना सांगितलं, काही सापडलं नाही.”

तिनं फोन टेबलावर ठेवला आणि बोट लावलं. नवनाथचा स्वतःचा आवाज स्वयंपाकघरात उमटला, चार-पाच वर्षं तरुण, जरा घाईतला. ‘चारी नंबर बावीस. शेवटच्या शेताला पाणी पोचलं. पाळी पूर्ण.’ त्यामागे कुकरची लांब शिट्टी, आणि शिट्टीवर एका लहान मुलीचा आवाज : ‘पप्पा, चार झाल्या! बंद करू का?’

ओट्यावर तोच कुकर पालथा घातलेला होता.

“एकोणीस आवाजांत कुकर आहे,” ईश्वरी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “मी मोजले. शिट्ट्या मोजायचं काम माझं होतं ना. माझ्यासाठीच तुम्ही घरी थांबत होता. मग मी कशी तुम्हाला… मला नाही शिकायचं पप्पा ते. खरंच नाही.”

नवनाथला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. चोरी पकडली गेली म्हणून नव्हे, तर ही पोर ती चोरी पोटात घालून स्वतःची वाट सोडायला निघाली होती म्हणून. तीन वर्षं आपण जे केलं, नेमकं तेच तिला शिकवलं. माहीत असून बोलायचं नाही. तिनं एका दिवसात उचललं.

रोहिणी केव्हाची दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. खांद्यावरची पिशवी तशीच ठेवून ती म्हणाली, “म्हणजे माझ्या शिक्षणापायी त्या बाईची झाडं वाळली, असंच ना?”

“तुझ्यापायी नाही. माझ्या तंगड्या चालल्या नाहीत, त्यापायी,” नवनाथ म्हणाला. आवाज चिरका निघाला, पण निघाला. “शेजारच्या काकूंकडे पोर ठेवून जाता आलं असतं. कंटाळा केला. आणि नंतर भ्यालो.”

“मग आता?”

नवनाथ उठला. खणातून फॉर्म काढला, टेबलावर हातानं सपाट केला, आणि फ्रिजवर पुन्हा चुंबकाखाली लावला.

“उद्या आधी टेलला जायचं. मग शाळेत. बाराच्या आत.”

“पप्पा, चौकशी लागेल,” ईश्वरी म्हणाली. “नोकरी जाईल.”

“लागू दे. तू ते देठ टाक आणि पानं घे.”

*

शनिवारी सकाळी पुलाजवळ गाडी लावून बापलेक चालत निघाले. ईश्वरी पुलावरच थांबते म्हणत होती, पण नवनाथनं ऐकलं नाही. बाभळीचे काटे दोनदा चपलेतून आत घुसले. पाट कोरडाठाक होता. मंगल घुले बांधावर तोडलेल्या झाडांच्या फांद्या गोळा करत होती. बारा खुंट एका ओळीत उभे होते.

नवनाथनं उभ्याउभ्याच सांगितलं. काही लपवलं नाही, कुकरसुद्धा सांगितला. सांगताना त्याची नजर खुंटांवर होती.

मंगल घुलेनं फांद्यांचा भारा खाली टाकला. मग म्हणाली, “तीन उन्हाळे. तीन उन्हाळे मी त्या दळभद्री यंत्राला शिव्या देतेय. आणि तू पुलावर उभा राहून माझ्या गोणीकडं बघत होतास.”

“होय, मावशी.”

“मग मी गोणी टांगत कुणासाठी होते रे?”

ईश्वरी रडायला लागली. मंगल घुलेनं तिच्याकडे पाहिलं, मग नवनाथकडे.

“माफबिफ करत नाही मी तुला, सांगून ठेवते. ते झाडांना विचार. ही पोर काय शिकणार म्हणत होती, ते शिकव तिला. आणि तू चालत येत जा. फोनवरून नाही. चालत.”

“येईन,” नवनाथ म्हणाला.

परतताना पुलावरून त्यानं शाखा अभियंत्यांना स्वतः फोन लावला. साहेबांना आधी खरंच वाटेना. मग त्यांनी आवाज चढवला, मग लेखी द्या म्हणाले. नवनाथ म्हणाला, दुपारी देतो, आत्ता जरा घाईत आहे.

शेख मॅडमच्या टेबलापाशी पोचेपर्यंत पावणेबारा झाले होते. मॅडमनी फॉर्म वाचला, चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं.

“मॅडम, तिचा प्रश्न बदलून टाका,” नवनाथ म्हणाला. “याचं उत्तर मी आहे.” आणि त्यानं तिसऱ्यांदा सगळं सांगितलं. तिसऱ्यांदा ते जरा सोपं गेलं.

शेख मॅडमना धक्का बसला असेल, तर त्यांनी दाखवला नाही. त्या ईश्वरीकडे वळल्या. “काल मला म्हणालीस, काही सापडलं नाही. परत असं करायचं नाही. या वर्गात एवढी एकच गोष्ट मी माफ करत नाही.” मग नवनाथला म्हणाल्या, “प्रश्न बदलायचं कारण नाही. तुम्ही सांगितलंत म्हणून यंत्राला कळत नाही. ते सत्तावीस आवाज त्यानं गिरवून गिरवून पक्के केलेत. एक कबुली त्याच्या कानावर घातली, तर ते तिला सत्ताविसांसमोर अठ्ठाविसावी चूक समजेल. आधी जुनं बाजूला काढायचं, मग खरं शिकवायचं, पुन्हा पुन्हा. कुठलं काढायचं, किती खरं भरल्यावर त्याचा अंदाज हलेल, ते तपासायचं कसं, हेच तर वर्षभराचं काम आहे. ईश्वरी, करशील?”

“करीन,” ईश्वरी म्हणाली. या वेळी तिचा आवाज जरा चढला.

सहीच्या वर ‘पालकाचं मत’ असा रकाना होता. बहुतेक लोक तिथे ‘हरकत नाही’ लिहितात. नवनाथनं पेन घेतलं आणि थोडा विचार करून लिहिलं, ‘तिला विचारायचं ते विचारू द्या. मला विचारलं तरी चालेल.’ खाली सही केली, तारीख घातली. भिंतीवरच्या घड्याळात बाराला चार मिनिटं कमी होती.

*

चौकशी लागली. नवनाथची दोन वर्षांची पगारवाढ थांबली, कार्यालयाच्या फलकावर त्याचं नाव लागलं आणि गावात काही दिवस लोक त्याला बघून कुकरच्या शिट्टीचा आवाज काढत. त्यानं ते ऐकून घेतलं. मधल्या काळात ईश्वरीनं आणि शेख मॅडमनी अर्जामागून अर्ज केले. अखेर खात्यानं मान्य केलं : एका हंगामापुरतं बावीस नंबरचं दार वेळकरच्या हातून काढून पाटकऱ्याकडे द्यायचं, आणि वेळकरनं पुन्हा नुसतं ऐकायचं.

उन्हाळ्यात कालव्याला पहिलं आवर्तन सुटलं, त्या दिवशी पहाटे पाचला नवनाथनं कुलूप काढून हातानं दार उघडलं. मग तो पाण्याबरोबर चालत निघाला. पाणी त्याच्यापेक्षा हळू होतं. कोरडा पाट पहिले कितीतरी तास ते नुसतं पीत होता. नऊ वाजता ईश्वरी डबा घेऊन आली. मंगल घुले बांधावर येऊन बसली, बोलली नाही, पण दोघांना ताक दिलं.

चारच्या सुमारास नवनाथनं फोन तोंडाशी धरला. “चारी नंबर बावीस. अकरा तास झाले. शेवटच्या शेताला पाणी पोचलेलं नाही. दार उघडं ठेवतोय.” यंत्रानं नुसतं ऐकून घेतलं. ते कधीच काही म्हणत नाही.

ऊन कलायला लागलं. पाणी लिंबाच्या पहिल्या ओळीत शिरलं, दुसऱ्या ओळीत शिरलं, तोडलेल्या खुंटांना वळसा घालून पुढे सरकलं. सगळ्यात शेवटच्या झाडाच्या आळ्यात ते पोचलं, तेव्हा नवनाथ घोटाभर चिखलात उभा होता. मंगल घुले उठली, बांबूपाशी गेली आणि पिवळी गोणी सोडून तिची घडी घालायला लागली.

नवनाथनं पुन्हा फोन तोंडाशी धरला. “चारी नंबर बावीस. शेवटच्या शेताला पाणी पोचलं.”

मागून, अगदी जवळून, ईश्वरीचा आवाज त्याच नोंदीत शिरला.

“पप्पा, चौदा तास दहा मिनिटं झाली. बंद करू का?”